भाड्याच्या घरातील ओल व गळती (महाराष्ट्र)

भाड्याच्या घरातील ओल, गळती आणि त्यांतून धरणारी बुरशी यांच्या दुरुस्तीची जबाबदारी महाराष्ट्रात मुख्यत्वे दोन गोष्टींवरून ठरते : पाणी कोठून येते, आणि राहणारी व्यक्ती कायद्याच्या दृष्टीने 'भाडेकरू' आहे की 'लिव्ह अँड लायसन्स' करारावरील अनुज्ञप्तिधारक.

पाण्याचा उगम

गच्चीतून वा बाहेरील भिंतीच्या तड्यांतून झिरपणारे पावसाचे पाणी आणि वरच्या मजल्यावरील न्हाणीघराची गळती हे इमारतीचे दोष होत. खिडक्या बंद ठेवून घरातच कपडे वाळत घातल्याने कपाटामागे काळे ठिपके उमटतात, तो वापराचा परिणाम. उगम न शोधता नुसता रंगाचा हात फिरवला, तर पुढच्या पावसाळ्यात पोपडे पुन्हा सुटतात. सहकारी गृहनिर्माण संस्थेत आदर्श उपविधींनुसार गच्चीची व सामाईक नळांची गळती संस्थेने, तर सदनिकेतील न्हाणीघराची गळती त्या सदस्याने दुरुस्त करावयाची असते. सदस्य म्हणजे मालक; त्यामुळे संस्थेशी पत्रव्यवहार त्यानेच करणे सोयीचे.

भाडेकरू

'महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९' याच्या कलम १४ नुसार, विरुद्ध करार नसल्यास, घर राहण्याजोगे सुस्थितीत ठेवणे घरमालकावर बंधनकारक आहे. किमान १५ दिवसांची सूचना दिल्यावर वाजवी मुदतीत त्याने दुरुस्ती न केल्यास भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र ही वजावट वर्षाच्या भाड्याच्या एक-चतुर्थांशाहून अधिक असू नये. भाडेकरूने ठेवलेला हिशेब व पावत्या मालकावर बंधनकारक ठरतात. भाडे देणेच थांबविण्याची मुभा हे कलम देत नाही. तसे केल्यास थकबाकीचा दावा ओढवतो.

व्यवहारात हा हक्क तोकडा पडतो. पागडीच्या खोलीचे भाडे दरमहा ३०० रुपये असेल, तर वर्षाचे ३,६०० आणि वजावटीची कमाल मर्यादा ९०० रुपये. एवढ्या रकमेत गच्चीचे जलरोधन तर सोडाच, गवंड्याची मजुरीही धड भागत नाही.

अनुज्ञप्तिधारक

आज शहरांत भरघोस भाडे देणारे बहुतेक लोक अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स करारावर राहतात. १ फेब्रुवारी १९७३ रोजी ताबा असलेल्या अनुज्ञप्तिधारकांना कायद्याने भाडेकरू मानले, नंतरच्यांना नाही. म्हणजे ज्यांच्या भाड्याचा चौथा हिस्सा दुरुस्तीस पुरला असता, त्यांनाच कलम १४ चा थेट आधार नाही. त्यांचा आधार म्हणजे करारनामा. 'भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२' (कलम ५७) मालकाला ठाऊक असलेला पण राहणाऱ्यास ठाऊक नसलेला धोकादायक दोष आधी सांगण्यास मालकाला बांधील धरतो. साधी ओल त्यात बसेलच असे नाही. म्हणून गळतीची दुरुस्ती कोणी व किती दिवसांत करावयाची, हे करारातच लिहून घेणे इष्ट. करार लेखी व नोंदणीकृत करण्याची जबाबदारी मालकाची आहे (कलम ५५). तो तसा नसल्यास, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, अटींविषयी राहणाऱ्याचे म्हणणे ग्राह्य धरले जाते.

वाद प्रायः घर सोडताना, अनामत रकमेतून रंगकामाचे पैसे कापले गेल्यावर उद्भवतो. ताबा घेतेवेळची भिंतींची छायाचित्रे आणि गळती दिसताच दिलेली लेखी सूचना हे अशा वादातील सर्वांत उपयुक्त पुरावे होत. मुंबईत असे दावे लघुवाद न्यायालयात चालतात.