ताइचीचें खरें कूळ



चिनी शहरांतील बागांतून पहांटेच्या वेळीं वृद्ध स्त्रीपुरुष संथपणें हातपाय फिरवितांना दिसतात. या व्यायामाला ताइची म्हणतात. त्या सौम्य हालचाली पाहून ही मूळची झुंजीची विद्या असेल, अशी शंकाही कोणाच्या मनास शिवणार नाहीं. वस्तुस्थिति मात्र तशी आहे.

लोकसमजुतीप्रमाणें या विद्येचा जनक वूदांग पर्वतावरील चांग सानफंग नांवाचा योगी होय. सर्प आणि पक्षी यांची झुंज पाहून त्याला ती स्फुरली, असें सांगतात. मोठ्या विद्येला अलौकिक पूर्वज शोधण्याची हौस आपणांसही अपरिचित नाहीं. परंतु तांग हाओ या चिनी संशोधकाचें तेवढ्यानें समाधान झालें नाहीं. १९३० च्या सुमारास तो होनान प्रांतांतील चेनजियागोउ या खेड्यांत गेला आणि तेथील चेन घराण्याचे कागद त्यानें तपासले. मूळपुरुष चेन बू चौदाव्या शतकांत येथें येऊन वसला होता. त्याच्या नवव्या पिढींत चेन वांगतिंग नांवाचा लढवय्या होऊन गेला. १६४४ सालीं मिंग साम्राज्य कोसळलें, त्या धामधुमीच्या काळांतला हा पुरुष.

आणखी एक दुवा मिळाला. सेनापति छी जिग्वांग याच्या सोळाव्या शतकांतील युद्धग्रंथांत मुष्टियुद्धाचे ३२ पवित्रे दिले आहेत. त्यांतील बहुतेकांचीं नांवें चेनांच्या पवित्र्यांत आढळतात. तेव्हां विद्येचें बीज सैनिकांच्या तालमींत आहे, असा तांग हाओचा निष्कर्ष. कांहीं अभ्यासक तो आजही मान्य करीत नाहींत. तथापि कागदांच्या आधारावर उभा असल्यानें त्याला वजन आहे.

पुढें कित्येक पिढ्या ही ठेव घराण्यांतच राहिली. चौदाव्या पिढींतील चेन चांगशिंग (१७७१–१८५३) यानें मात्र यांग लूचान (१७९९–१८७२) या परक्या तरुणास ती शिकविली. त्यानें ती बीजिंगमध्यें मांचू सरदारांपर्यंत नेली; त्याचा नातू यांग चंगफू यानें तिला आजचें संथ, सर्वांस झेपेल असें रूप दिलें. वू, सुन इत्यादि शाखा याच विस्तारांतून निघाल्या. खुद्द चेनांची जुनी पद्धत, तिच्यांतील पायांचे आघात व आकस्मिक प्रहार यांसह, १९२८ सालीं चांगशिंगचा पणतू चेन फाके यानें बीजिंगमध्यें उघडपणें शिकविण्यास आरंभ केला.

२०२० मध्यें युनेस्कोनें ताइचीला मानवजातीच्या अमूर्त वारशांत स्थान दिलें. हा मान योग्याच्या दंतकथेला देऊन आपण मोकळे झालों, तर पिढ्यान्‌पिढ्या अंगणांत घाम गाळणाऱ्या त्या खेडुतांवर अन्याय होईल. विद्या जपली, हें चेनांचें एक ऋण. वेळीं परक्याच्या हातीं दिली, हें दुसरें. गायकीचीं घराणीं ऐकत वाढलेल्या आपणांस या दुसऱ्या ऋणाचें मोल सांगावयास नको.