ममीरा : वाढीची रीत व द्रव्याची शुद्धता

ममीरा या नावाने पिवळ्या मुळ्यांची अनेक द्रव्ये बाजारात विकली जातात. अंजनासारख्या नेत्रप्रयोगात हे द्रव्य वापरले जात असल्याने त्याच्या शुद्धतेची खात्री अत्यावश्यक ठरते. ती करताना मूळ वनस्पतीच्या वाढीची रीत जाणून घेणे उपयुक्त आहे.

खरा ममीरा म्हणजे ‘कॉप्टिस टीटा’. वत्सनाभ व अतिविषा ज्या कुलात येतात, त्याच कुलातील हे लहानसे सदाहरित क्षुप होय. वॉलिच यांनी १८३६ मध्ये त्याचे वर्णन केले. अरुणाचल प्रदेशातील मिश्मी टेकड्यांवर आणि चीनच्या युन्नान प्रांतात, थंड व दमट अरण्यांत ते आढळते. ‘मिश्मी तिता’ हे त्याचे व्यापारी नाव त्याच प्रदेशावरून पडले. पूर्वी हे द्रव्य वेताच्या छोट्या करंड्यांतून बाजारात येई.

घनदाट वृक्षांखाली, कुजलेल्या पाचोळ्याच्या ओलसर थरात ही वनस्पती वाढते. त्रिदल पाने हिवाळ्यातही हिरवी राहतात. त्यामुळे मिळेल तेवढ्या अल्प प्रकाशावर तिचा निर्वाह चालतो. फुले लहान व फिकट असतात. परागकणांतील वंध्यत्वामुळे बीजप्रसार दुर्बळ असून वाढ मुख्यतः जमिनीतील मूलक्षोडापासून होते. औषधासाठी नेमके तेच खणले जाते आणि ते पुरेसे जाड होण्यास कित्येक वर्षे लागतात. परिणामी जागतिक लाल यादीत या वनस्पतीची नोंद ‘संकटग्रस्त’ अशी आहे.

यावरून व्यावहारिक निष्कर्ष असा की, स्वस्त व विपुल ममीरा प्रथमदर्शनीच शंकास्पद समजावा. त्याच्या जागी बहुधा थॅलिक्ट्रम फोलिओलोसमची मुळे येतात. कुटकीचीही भेसळ होते. थॅलिक्ट्रमही पिवळे व तिक्त असून त्यातही बर्बेरीन असते. म्हणून केवळ वर्ण, रस किंवा बर्बेरीनची चाचणी पुरेशी नाही. अस्सल नमुन्याशी सूक्ष्मदर्शकीय व वर्णलेखी तुलना करावी आणि माल लागवडीतील की वन्य, याचा लेखी दाखला पुरवठादाराकडून घ्यावा.

जेथे ममीराच हवा असा आग्रह नाही, तेथे शास्त्रोक्त रसांजनाचा विचार वैद्यांनी अवश्य करावा. मात्र त्यासाठी लागणारी दारुहरिद्राही शक्यतो लागवडीतील असावी. अन्यथा एका वनस्पतीवरील भार दुसरीवर टाकल्यासारखे होईल.