मधल्या पायरीवरचे बालपण

१८९६ साली ब्रिटिशांनी मोम्बासाहून युगांडा रेल्वेचे काम सुरू केले व त्यासाठी सुमारे ३२,००० भारतीय मजूर नेले. त्यांच्या मागोमाग व्यापारीही केनियात गेले. जामनगर परिसरातील ओसवाल जैन कुटुंबे त्यांपैकीच. त्यांची मुले तीन पायऱ्यांच्या समाजात वाढली. गोरे, भारतीय आणि आफ्रिकन यांच्या शाळा निराळ्या होत्या. पठारावरील सुपीक जमीन गोऱ्यांसाठीच राखीव होती. १९२३च्या धोरणपत्राने ती तशीच ठेवली. शिवाय संख्येने अधिक असूनही भारतीयांना कायदेमंडळात ५ आणि गोऱ्यांना ११ जागा मिळाल्या.

हा अन्याय घरोघरी बोलला जाई. परंतु ‘दुका’त, म्हणजे दुकानात, वडिलांशेजारी बसून स्वाहिली शिकणाऱ्या मुलाला, हमालाचा मुलगा आपल्या वर्गात का नाही, हे कोण सांगणार? वरच्या पायरीने केलेला अपमान सलतो. खालच्या पायरीवरील माणूस मात्र सवयीने दिसेनासा होतो.

१२ डिसेंबर १९६३ रोजी केनिया स्वतंत्र झाला आणि वर्णभेदाचा राजाश्रय संपला. सवयीला मात्र तारीख नसते. आपल्या पेढीवर राबणाऱ्याची मुले कोठे शिकतात, याची चौकशी व्यापारी घराने आजही अगत्याने करावी.