मियाँदाद आणि आमचा पटिया

भोपाळच्या चौक भागात रात्री दुकानं बंद झाली की त्यांच्यापुढचे दगडी पटिये भरू लागतात. पटिया म्हणजे दुकानाच्या पायथ्याशी बसवलेली रुंद फरशी. दिवसा तिच्यावर गिऱ्हाईक चप्पल काढतं, रात्री तिच्यावर शहर बसतं. माझे वडील 1956 साली राजधानीबरोबर नागपूरहून भोपाळला आले, सरकारी नोकरांच्या त्या लोंढ्यातले एक. आम्ही तात्या टोपे नगरच्या क्वार्टरमध्ये वाढलो, पण शनिवारी रात्री वडील जुन्या शहरातल्या एका पटियावर जायचे आणि मला सोबत न्यायचे. तिथे त्यांचे एक दोस्त होते. सगळे त्यांना खाँसाहेब म्हणत. तरुणपणी हॉकी खेळलेले, उतारवयात शिवणयंत्रावर बसलेले.

19 एप्रिल 1986 हाही शनिवारच होता. आदल्या संध्याकाळी शारजात पाकिस्तानच्या जावेद मियाँदादने आपल्या चेतन शर्माच्या शेवटच्या चेंडूवर षटकार मारला होता. गावस्करच्या 92 आणि श्रीकांतच्या 75 धावांच्या जोरावर आपण 245 केल्या होत्या. पाकिस्तानला शेवटच्या षटकात 11 हव्या होत्या, शेवटच्या चेंडूवर 4. त्याच्या आधीच्या चेंडूवर तौसीफ अहमद जीव मुठीत धरून धावला. अझरुद्दीनची फेक स्टंपांवर बसली असती तर खेळ तिथेच आटोपला असता. ती बसली नाही. मग तो फुलटॉस, मिडविकेटवरून प्रेक्षकांत. मियाँदाद नाबाद 116.

त्या रात्री पटियावर मियाँदादला जे ऐकून घ्यावं लागलं असतं ते इथे लिहिण्यासारखं नाही. कुणी म्हणालं नशीबवान, कुणी म्हणालं लबाड, कुणी त्याच्या हसण्याला नावं ठेवली. आणि जेवढं त्याला, तेवढंच वीस वर्षांच्या चेतनला. मी चौदा वर्षांचा होतो, मीही तोंडसुख घेतलं. खाँसाहेब बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "को खाँ, गेंद की बात करो, बंदे को छोड़ो."

मला तेव्हा ते पटलं नाही. आपला माणूस हरला की समोरच्याची बाजू घेणारा म्हातारा एवढाच अर्थ मी घेतला. त्यांच्या बोलण्यामागे काय होतं ते वडिलांनी घरी परतताना सांगितलं. 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय हॉकी संघात भोपाळकडून खेळलेले दोघे होते, लतीफ-उर-रहमान आणि अख्तर हुसेन. खाँसाहेबांनी त्या दोघांना इथल्या मैदानावर पाहिलं होतं. पुढे दोघेही पाकिस्तानात गेले. 1956 मध्ये मेलबर्नला भारताने अंतिम सामन्यात पाकिस्तानला 1-0 ने हरवलं तेव्हा रौप्यपदक घेणाऱ्या पाकिस्तानी संघात ते दोघे होते. ज्या शहराची पोरं समोरच्या संघात उभी राहिलेली आहेत, त्याने समोरच्या संघाला शिव्या कशा द्यायच्या? भोपाळला हा प्रश्न मुंबई-पुण्याच्या कितीतरी आधी पडला होता.

मियाँदादवर टीका करण्यासारखं मैदानात खूप होतं, हे मी आजही म्हणेन. समोरच्या संघाचं डोकं तो होता. इम्रान खान कर्णधार असला तरी सामना कोणत्या गतीने चालायचा, कुणाला चिडवायचं, कुणाकडून चूक करवून घ्यायची, हे मियाँदाद ठरवतो असंच वाटायचं. दिलीप दोशींच्या गोलंदाजीवर खेळताना तो त्यांना हॉटेलातल्या खोलीचा नंबर विचारत राहिला, कारण चेंडू तिथे पोचवायचा होता, ही गोष्ट क्रिकेटच्या गप्पांत आजही फिरते. जानेवारी 1983 मध्ये सिंधमधल्या हैदराबादला त्याने आपल्याविरुद्ध नाबाद 280 केल्या आणि मुदस्सर नझरबरोबर 451 धावांची भागी रचली. आपल्याला एवढा जाच देणाऱ्या या माणसाला भारतात मात्र एकही कसोटी शतक करता आलं नाही. 1983 साली बंगळूरला तो 99 वर बाद झाला. पटियावर हा आकडा आम्ही मंत्रासारखा म्हणायचो. मला ती टीका रास्त वाटते. आकडा त्याचा, डाव त्याचा, बोलणं खेळावरचं.

चेतन शर्माची गोष्ट मात्र अजून बोचते. 31 ऑक्टोबर 1987 रोजी त्याने नागपूरला न्यूझीलंडविरुद्ध रुदरफोर्ड, स्मिथ आणि चॅटफिल्ड यांचे त्रिफळे लागोपाठ तीन चेंडूंत उडवले. विश्वचषकातली ती पहिली हॅटट्रिक. त्याच दिवशी त्याच मैदानावर गावस्करने आपलं एकमेव एकदिवसीय शतक काढलं. नागपूर वडिलांचं गाव, त्यामुळे आमच्या घरी तो सणच होता. तरीही चेतनचं नाव निघालं की लोक शारजाच आठवायचे, आणि आजही आठवतात. मियाँदादवरचा राग ज्याच्यावर जाऊन पडला तो असा आपलाच मुलगा होता.

4 मार्च 1992, सिडनी. सचिनच्या गोलंदाजीवर किरण मोरे सारखं अपील करत होता. मियाँदादने वाद घातला आणि पुढे एका धावबादच्या अपिलानंतर बॅट हातात धरून मोरेची नक्कल करत जागच्या जागी उड्या मारल्या. बडोद्याचा मोरे आपल्यातला, मराठी. त्यामुळे घराघरांत तो अपमान जणू कुटुंबातल्या माणसाचाच झाला. आपण 43 धावांनी जिंकलो, मियाँदाद 110 चेंडूंत 40 करून श्रीनाथच्या चेंडूवर त्रिफळाबाद झाला, आणि भोपाळात फटाके वाजले. मार्च संपायच्या आत विश्वचषक त्यांनी जिंकला. अंतिम सामन्यात मियाँदादच्या 58 होत्या.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात भोपाळ पेटलं. अयोध्येत बाबरी मशीद पाडल्यानंतरच्या त्या दिवसांत संचारबंदी लागली, माणसं मेली, चौकातले पटिये कित्येक रात्री रिकामे राहिले. वडील आणि खाँसाहेब पुन्हा भेटले तेव्हा बराच वेळ कुणी क्रिकेटबद्दल बोललं नाही. मी या घटनेची क्रिकेटशी गाठ घालत नाही. पण त्यानंतर या शहरात "मियाँ" हा शब्द पूर्वीसारखा उरला नाही, हे मला माहीत आहे. आणि मियाँदादच्या नावात तो शब्द पहिलाच आहे.

9 मार्च 1996. बंगळूर, विश्वचषकाची उपांत्यपूर्व फेरी. सिद्धूच्या 93, जडेजाच्या 25 चेंडूंत 45, आपल्या 287. मियाँदाद 38 वर असताना धावबाद झाला. सहावा विश्वचषक खेळणाऱ्या त्या माणसाचा तो शेवटचा डाव होता. मैदानातल्या हजारो लोकांनी त्याची हुर्यो उडवली. आमच्या क्वार्टरमध्ये त्या संध्याकाळी दहा-बाराजण होते, त्यांत खाँसाहेबांचा नातूही. कॉलेजात शिकणारा, भारताच्या प्रत्येक चौकाराला उठून नाचणारा. मियाँदाद परत निघाला तेव्हा मी पडद्याकडे बोट करून ओरडलो, "चलो मियाँ, पाकिस्तान!"

खोली हसली. तो पोरगा हसला नाही. पाच-सात मिनिटांनी उठला, चपला घातल्या आणि अभ्यास आहे म्हणून निघून गेला. सामना अजून बाकी होता. आपण 39 धावांनी जिंकलो तेव्हा तो आमच्यात नव्हता.

मी मियाँदादला हाकललं होतं, त्या मुलाला नव्हे, असं स्वतःला कितीही समजावलं तरी उपयोग झाला नाही. बंगळूरच्या मैदानावरच्या मियाँदादला माझा आवाज जाणार नव्हता. खोलीत ते वाक्य ऐकू शकणारा आणि ते लागू शकणारा माणूस एकच होता. पुढच्या शनिवारी मी पटियावर गेलो, खाँसाहेबांची आणि नातवाची माफी मागितली. नातू म्हणाला, "छोड़ो खाँ." खाँसाहेब काहीच बोलले नाहीत, पण चहा त्यांनी मागवला.

तीन वर्षांनी, जानेवारी 1999 मध्ये, पाकिस्तानचा संघ भारतात आला तेव्हा मियाँदाद प्रशिक्षक होता आणि संघाचे व्यवस्थापक होते शहरयार खान. पटियावर नुसता आनंद. शहरयार खान भोपाळात जन्मलेले, भोपाळच्या नवाबांच्या थोरल्या कन्या आबिदा सुलतान यांचे चिरंजीव. आबिदा बेगम 1950 मध्ये पाकिस्तानात गेल्या, मधल्या साजिदा बेगम इथे राहिल्या, आणि साजिदा बेगमांचा मुलगा म्हणजे मन्सूर अली खान पतौडी, तोही भोपाळातच जन्मलेला. म्हणजे एक मावसभाऊ भारताचा माजी कर्णधार, दुसरा पाकिस्तानच्या संघाचा व्यवस्थापक. दौऱ्याआधी शिवसैनिकांनी दिल्लीत कोटलाची खेळपट्टी उखडली होती, जशी 1991 मध्ये वानखेडेची उखडली होती. चेन्नईत सचिनने 136 केल्या, आपण 12 धावांनी हरलो, आणि चेपॉक उभं राहून टाळ्या वाजवू लागलं. पाकिस्तानच्या संघाने मैदानाला फेरी मारली. भारतातल्या मैदानांनी ज्याची इतकी हुर्यो उडवली होती तो माणूस त्या दिवशी त्याच संघाचा गुरू होता. तो प्रसंग टीव्हीवर पाहताना मला तीन वर्षांपूर्वीची माझी खोली आठवली आणि तोंड लपवावंसं वाटलं. तीन आठवड्यांच्या आत कोलकात्यात मात्र सचिन शोएबवर आदळून धावबाद झाला, दंगा झाला, आणि शेवटी रिकाम्या ईडन गार्डन्सवर सामना संपवावा लागला.

2004 मध्ये प्रशिक्षक मियाँदाद म्हणाला की इरफान पठाणसारखे गोलंदाज पाकिस्तानात गल्लोगल्ली सापडतात. आपण त्या दौऱ्यात कसोटी मालिका 2-1 ने जिंकलो आणि इरफानने त्यात आपला वाटा उचलला. खेळातल्या बढाईला खेळात मिळालेलं उत्तर. असं भांडण मला मनापासून आवडतं. त्याच वर्षी मियाँदाद मुंबईत मातोश्रीवर बाळासाहेब ठाकऱ्यांना भेटून आला. ज्यांचे कार्यकर्ते खेळपट्ट्या खणत होते, त्यांच्याच घरी.

मग 2005 साली त्याच्या मुलाचं लग्न दाऊद इब्राहिमच्या मुलीशी झालं. 12 मार्च 1993 च्या मुंबईतल्या स्फोटांत 257 माणसं गेली. त्या कटाचा सूत्रधार म्हणून भारत ज्याला शोधतो आहे, त्याच्याशी सोयरीक. माझी मावशी तेव्हा दादरला राहायची, ती त्या दुपारी सेंच्युरी बाजारच्या बाजूने चालत घरी आली होती. या बातमीने तिला जे वाटलं त्याला मी कधीही खिलाडूपणाचा उपदेश करणार नाही. मैदानाबाहेरचा हा राग खरा होता आणि त्याला कारण होतं. जानेवारी 2013 च्या दिल्लीतल्या सामन्याला मियाँदाद येणार म्हणून गदारोळ झाला आणि त्याने येणं रद्द केलं, तेव्हाही मला वाईट वाटलं नाही.

पण याच रागाच्या भरात लोक मागे जाऊन शारजाचा षटकारही पुसायला लागले, तेव्हा मला खाँसाहेबांचं वाक्य आठवलं. 1986 चा तो फटका 2005 मुळे नशिबाचा होत नाही. आणि ऑक्टोबर 2015 मध्ये शहरयार खान पाकिस्तान क्रिकेट मंडळाचे अध्यक्ष म्हणून बीसीसीआयचे अध्यक्ष शशांक मनोहर यांच्याशी बोलणी करायला मुंबईत आले, तेव्हा बीसीसीआयच्या कार्यालयात घुसून लोकांनी ज्या घोषणा दिल्या, त्यांतली एकही भोपाळात जन्मलेल्या त्या ऐंशी ओलांडलेल्या गृहस्थाने कमावलेली नव्हती.

शहरयार खान मार्च 2024 मध्ये गेले. त्या आठवड्यात मी खूप दिवसांनी चौकात गेलो. वडील आणि खाँसाहेब दोघेही आता नाहीत. शिवणयंत्राच्या जागी नातवाचं मोबाइलचं दुकान आहे, पटिया तोच. शहरयार खानांवरून मियाँदादवर गोष्ट आली आणि नातवाने फोनवर शारजाचं शेवटचं षटक लावलं. तीस-बत्तीस वेळा तरी पाहिलेलं. शेवटच्या चेंडूपाशी त्याने अंगठ्याने चित्र थांबवलं.

"पाय बघ," तो म्हणाला. इतक्या वर्षांत मी ते कधी पाहिलंच नव्हतं. यॉर्कर येणार हे ओळखून मियाँदाद क्रीझ सोडून पुढे उभा होता. चेतनचा चेंडू जिथे पडायला हवा होता तिथे तो पडण्याआधीच बॅट पोचली होती.

त्याने पुन्हा चालू केलं आणि आम्ही दोघांनी तो फटका शेवटपर्यंत पाहिला.