वाळूच्या ढिगाची त्रिज्या कशी मोजायची?



नारायण पेठेत एखादा जुना वाडा पाडून नवी इमारत उभी राहत असली, की गल्लीच्या कडेला वाळूचा ढीग हमखास दिसतो. दहावीचं 'महत्त्वमापन' शिकवताना मी मुलांना असाच एक ढीग दाखवला आणि म्हटलं, "काढा बघू याचं घनफळ." शंकूचं सूत्र सगळ्यांना तोंडपाठ होतं. पण एक मुलगी म्हणाली, "सर, त्रिज्या मोजायला ढिगाच्या पोटात कसं शिरायचं?"

प्रश्न अगदी रास्त होता. पुस्तकातल्या उदाहरणात त्रिज्या आणि लंब उंची आयती दिलेली असते. इथे मात्र दोन्ही वाळूच्या आत. बाहेरून मोजता येतात त्या दोनच गोष्टी : दोरीने तळाचा परीघ आणि टेपने टोकापासून काठापर्यंतची तिरकस उंची. मग जे मोजता येत नाही, त्याच्या जागी मोजता येणाऱ्याची किंमत ठेवायची. बीजगणित इथेच कामाला येतं.

घनफळ = १/३ × पाय × त्रिज्या² × उंची

पायरी १ : परीघ = २ × पाय × त्रिज्या, म्हणून त्रिज्या = परीघ / (२ × पाय).

पायरी २ : ही किंमत सूत्रात कंसासकट ठेवा. कंसाचा वर्ग केला की परीघ² / (४ × पाय²) मिळतं. वरचा एक पाय खालच्या एका पायशी जातो आणि उरतं :

घनफळ = परीघ² × उंची / (१२ × पाय)

पायरी ३ : उंचीसाठी पायथागोरस : उंची² = तिरकस उंची² − त्रिज्या².

आमच्या ढिगाचा परीघ ६.२८ मीटर आणि तिरकस उंची १.२५ मीटर भरली. पाय ३.१४ धरला, की त्रिज्या १ मीटर, उंची ०.७५ मीटर आणि घनफळ ०.७८५ घनमीटर. म्हणजे साधारण २८ घनफूट. १ ब्रास म्हणजे १०० घनफूट, तेव्हा ही झाली पाव ब्रासहून थोडी जास्त वाळू.

काही मुलांचं उत्तर ४.९३ घनमीटर आलं. त्यांनी कंस न घालता फक्त परिघाचा वर्ग केला आणि खालचे २ × पाय तसेच राहिले. एका कंसापायी ढीग सहापटीहून मोठा झाला! वहीत ही चूक दिसली नसती. समोर ढीग होता म्हणून मुलंच म्हणाली, "एवढी वाळू नाहीये हो इथे."

हाच विचार भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (इ.स. ११५०) धान्याच्या राशीसाठी आहे. परिघाच्या सहाव्या भागाचा वर्ग करा आणि उंचीने गुणा. आपल्या सूत्रात पाय = ३ ठेवून बघा, १२ × ३ = ३६, म्हणजे अगदी तेच! उत्तर सुमारे पावणेपाच टक्के जास्त येतं, एवढंच. पुढे जाड धान्याच्या राशीची उंची परिघाच्या दहाव्या भागाइतकी धरली आहे. तीही किंमत ठेवली, की घनफळ = परीघ³ / ३६०. परीघ ६० हात असेल तर ६०० घनहात. फक्त एक दोरी पुरते!

पालकांनी घरी परातीत हरभऱ्याची रास करून, दोऱ्याने परीघ मोजून हे जरूर करून पाहावं. आलेलं उत्तर लिटरच्या मापाने ताडून बघा. सूत्र पाठ होणं आणि ते वापरता येणं, यातला फरक मुलांना तिथेच कळतो.