गजाआडचा मनोविकारतज्ज्ञ

तुरुंगातल्या मनोविकारतज्ज्ञाचं काम गोळी लिहून संपत नाही. गोळी खरंच गिळली का, हे कुणीतरी उभं राहून पाहावं लागतं, तोंड उघडून जीभ वर करायला सांगावी लागते. कारण बराकीत झोपेच्या गोळीला किंमत असते, आणि दुबळ्या बंद्याकडून ती हिसकावलीही जाते. तपासणीच्या वेळी शिपाई दाराशी उभा असतो. अशा वेळी माणूस मनातलं कसं बोलणार? म्हणून शिपायाला नजरेच्या टप्प्यात, पण कानाच्या टप्प्याबाहेर ठेवायचं, एवढं तरी डॉक्टरांनी आग्रहाने मागून घ्यावं.

आपल्याकडचे बहुसंख्य बंदी न्यायाधीन, म्हणजे गुन्हा सिद्ध न झालेले. आरोपीला स्वतःचा बचाव करण्याइतकी समज नसेल, तर खटला थांबतो. इथे डॉक्टरांच्या अहवालाला फार वजन असतं, आणि तो कुणी वाचलाच नाही तर काय होतं, हे आसामच्या मचांग लालुंग यांनी भोगलं. 1951 मध्ये अटक झाली, तेजपूरच्या मनोरुग्णालयात ठेवलं, 1967 मध्ये डॉक्टरांनी बरे झाल्याचं कळवलं. तरी घरी न पाठवता तुरुंगात नेलं. सुटका झाली 2005 मध्ये. खटला कधी चाललाच नाही.

मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 च्या कलम 103 नुसार प्रत्येक राज्यात किमान एका तुरुंगाच्या वैद्यकीय विभागात मानसिक आरोग्य केंद्र हवं. पण सर्वात नाजूक असतात ते आत आल्यानंतरचे पहिले काही दिवस. आत्महत्येचा विचार मनात आहे का, हे नव्या बंद्याला पहिल्याच रात्री सरळ विचारायला हवं. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणूस बोलता होतो.