पुरुषांची प्रजनन संप्रेरके आणि जनुकीय भिन्नता

पुरुषाच्या शरीरातील प्रजनन संप्रेरकांचे प्रमाण आणि शुक्राणूंची निर्मिती यांवर जनुकांतील लहानमोठ्या फरकांचा प्रभाव पडतो. काही फरकांमुळे संप्रेरकांची पातळी किंचित वरखाली होते, तर काहींमुळे शुक्राणू मुळीच तयार होत नाहीत. अपत्यहीन जोडप्यांपैकी सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषातील दोष हे पूर्णतः किंवा अंशतः कारण असते. तरीही महाराष्ट्रात मूल न होण्याचा ठपका दीर्घकाळ स्त्रीवरच ठेवला गेला. नवस आणि उपासतापास तिने करावयाचे आणि अखेरीस पुरुषाने दुसरे लग्न करावयाचे, असे घडत असे. मुंबई प्रांतात हिंदूंच्या द्विभार्या विवाहास १९४६च्या कायद्याने बंदी आली. दोष पुरुषाच्या गुणसूत्रात असेल, तर दुसऱ्या लग्नानेही पाळणा हलणार नव्हता.

संप्रेरकांची साखळी

मेंदूतील अधोथॅलॅमस हा भाग जीएनआरएच हे संप्रेरक ठरावीक अंतराने स्रवतो. त्यामुळे मेंदूच्या तळाशी असलेली पोष ग्रंथी एलएच आणि एफएसएच ही दोन संप्रेरके रक्तात सोडते. एलएचच्या प्रभावाने वृषणातील लायडिग पेशी टेस्टोस्टेरॉन तयार करतात. एफएसएच सर्टोली पेशींना उद्दीपित करते आणि या पेशी वाढत्या शुक्राणूंचे पोषण करतात. टेस्टोस्टेरॉन, तसेच सर्टोली पेशींतून स्रवणारे इनहिबिन, उलट पोष ग्रंथीला आवर घालतात. इनहिबिनवर मुंबईतील परळ येथील प्रजनन संशोधन संस्थेत ए. आर. शेठ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० व १९८०च्या दशकांत संशोधन केले.

या साखळीमुळे रक्ततपासणीवरून दोषाचे स्थान ओळखता येते. वृषणच निकामी असेल, तर पोष ग्रंथीवरील आवर सुटतो आणि एफएसएच वाढते. मूळ दोष मेंदूत असेल, तर एलएच व एफएसएच ही दोन्ही कमी आढळतात.

वृषणातील दोष

क्लाइनफेल्टर संलक्षण हे याचे सर्वांत परिचित उदाहरण होय. हॅरी क्लाइनफेल्टर यांनी १९४२ मध्ये त्याचे वर्णन केले आणि १९५९ मध्ये त्याचे कारण, म्हणजे एक जादा एक्स गुणसूत्र, उघड झाले. सुमारे ६०० पुरुषांमागे एकात ते असते. असे पुरुष बहुधा उंच असतात व त्यांचे वृषण लहान असतात. मात्र लग्नानंतर मूल होत नाही म्हणून तपासणी होईपर्यंत अनेकांना त्याची कल्पनाही नसते. हा दोष सहसा आईवडिलांकडून वारशाने येत नाही.

वाय गुणसूत्राच्या लांब बाहूवरील एझेडएफ क्षेत्राचा संबंध शुक्राणुनिर्मितीशी असल्याचे १९७६ मध्ये इटलीतील तिएपोलो व झुफार्डी यांनी सुचविले. या क्षेत्राचे ए, बी व सी असे भाग मानले जातात. हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतील के. थंगराज व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, वीर्यात शुक्राणू नसलेल्या ३४० भारतीय पुरुषांपैकी सुमारे साडेआठ टक्क्यांच्या वाय गुणसूत्राचा काही भाग गळालेला आढळला. कोणता भाग गळाला हे महत्त्वाचे असते. ए किंवा बी भाग पूर्ण गळाला असल्यास शस्त्रक्रिया करूनही वृषणात शुक्राणू सापडण्याची आशा जवळजवळ नसते. म्हणजे या तपासणीने निष्फळ शस्त्रक्रिया टळते. सी भाग गळाला असल्यास शुक्राणू मिळू शकतात. १९९२ पासून प्रचारात आलेल्या इक्सी तंत्राने एकच शुक्राणू अंड्यात सोडून अपत्यप्राप्ती होऊ शकते, परंतु प्रत्येक मुलाकडे तोच दोष जातो. मुलीकडे वडिलांचे वाय गुणसूत्र जात नसल्याने तिला तो येत नाही.

मेंदूतील दोष

जीएनआरएच स्रवणाऱ्या पेशी गर्भावस्थेत नाकाच्या भागात उगम पावून मेंदूकडे सरकतात. कालमन संलक्षणात काही जनुकांतील बिघाडामुळे हा प्रवास अडतो. म्हणून अशा मुलाला वास येत नाही आणि वयात येण्याची लक्षणेही दिसत नाहीत. फुलाचा किंवा फोडणीचा वास येतो का, हा साधा प्रश्न येथे निदानाला दिशा देतो. हा दोष उपचारसाध्य आहे. पोष ग्रंथीच्या संप्रेरकांचे काम करणारी इंजेक्शने काही महिने दिल्यास अनेकांत शुक्राणू तयार होतात. केवळ टेस्टोस्टेरॉन दिल्यास मात्र शुक्राणू तयार होत नाहीत. निरोगी पुरुषाने ‘ताकदीसाठी’ ते घेतल्यास पोष ग्रंथी दबते आणि असलेले शुक्राणूही घटतात.

संप्रेरके व शुक्राणुनिर्मिती व्यवस्थित असून मार्ग बंद असणे, हाही एक प्रकार आहे. सीएफटीआर जनुकातील दोषांमुळे काहींच्या शुक्रवाहिन्या जन्मतःच नसतात.

सौम्य फरक

एफएसएचच्या जनुकाच्या आरंभीच्या भागात एका अक्षराचा फरक असलेल्या पुरुषांत एफएसएच कमी असते, असे एस्टोनियातील तरुणांच्या पाहणीत आढळले. टेस्टोस्टेरॉनच्या ग्राहीच्या जनुकात सीएजी या तीन अक्षरांची पुनरावृत्ती असते. ती लांबल्यास प्रजननक्षमता घटते, असे काही परदेशी अभ्यासांत दिसले होते. सीसीएमबीच्या २००२ मधील अभ्यासात भारतीय पुरुषांत तसा संबंध आढळला नाही. त्यामुळे एका समाजातील निष्कर्ष दुसऱ्याला सरसकट लावून विकल्या जाणाऱ्या जनुकीय चाचण्या सावधपणेच पाहाव्या लागतात.

महाराष्ट्रातील संदर्भ

इरावती कर्वे यांच्या १९५३ मधील नातेसंबंधविषयक इंग्रजी ग्रंथात महाराष्ट्रातील अनेक जातींत मामाच्या मुलीशी विवाह मान्य असल्याची नोंद आहे. अशा जोडप्याच्या अपत्यात एखाद्या जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून आलेल्या असण्याची शक्यता १६ पैकी १ असते. जीएनआरएच ग्राहीच्या जनुकातील दोषासारखे काही अप्रभावी दोष त्यामुळे प्रकट होऊ शकतात. वाय गुणसूत्रातील दोषांशी मात्र नात्यातील विवाहाचा संबंध नाही.

परळची वर उल्लेखिलेली संस्था गिरणगावात केईएम रुग्णालयानजीक आहे. या दोन संस्थांच्या सहकार्यातून, टी. सी. आनंद कुमार व इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नाने, ऑगस्ट १९८६ मध्ये मुंबईत नळी-बाळाचा जन्म झाला. महाड व पोलादपूर तालुक्यांतील चाकरमानी ज्या गिरणगावात पिढ्यान्‌पिढ्या उतरत आले, तेच हे ठिकाण. वीर्यतपासणी ही पहिली पायरी साधी असून तिला मोठ्या शहराची आवश्यकता नसते. गुणसूत्रांच्या चाचणीसाठीही रक्ताचा नमुना पुरतो व तो शहरातील प्रयोगशाळेत पाठविता येतो. पत्नीवर शस्त्रक्रिया किंवा दीर्घ औषधोपचार सुरू करण्यापूर्वी पतीची तपासणी होणे आवश्यक मानले जाते.